त्या एका ‘निमूटपणे’बद्दल : एका संपादक मंडळाला खुले पत्र

मा. संपादक मंडळ यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या संस्थेचं आणि पुस्तकाचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. तुम्हाला ते दोन ओळींत कळेलच. बाकी वाचकांच्या टेबलावर कदाचित दुसऱ्याच कुणाचं पुस्तक असेल आणि त्यातही हेच वाक्य जरा वेगळ्या शब्दांत असेल. मला कुणाला चव्हाट्यावर आणायचं नाही. पण दोन पत्रं पाठवून झाली, एकदा फोन झाला, आणि शेवटी जे उत्तर आलं ते वाचून घडी घालून ठेवून देणं मला जमलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर.

मी तालुक्याच्या गावी एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जागतिक इतिहास शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. तुमच्या पुस्तकाच्या आमच्याकडे अकरा प्रती आहेत, त्यातल्या चारांच्या पाठीला चिकटपट्टी लावलेली आहे. म्हणजे वापर किती होतो ते समजून घ्या. मुलं आसपासच्या गावांतून एसटीने येतात. जगाचा इतिहास म्हणून त्यांच्या हाती जे एक पुस्तक लागतं ते तुमचं. दुसरं कुठलं विकत घ्यायला पैसे नसतात आणि इंग्रजी वाचायची अजून धास्ती असते. त्यामुळे तुमच्या पुस्तकातलं एखादं क्रियाविशेषणसुद्धा मला साधं वाटत नाही.

वाक्य असं आहे : ‘आफ्रिकेतून आणलेले हे नीग्रो गुलाम जहाजाच्या तळाशी दाटीवाटीने कोंबले जात व अमेरिकेपर्यंतचा प्रवास निमूटपणे सहन करीत.’ खाली ते प्रसिद्ध चित्र. जहाजाचा आडवा छेद, आणि त्यात मुंग्यांसारख्या ओळीने मांडलेली काळी माणसं. मागच्या आवृत्तीत याच पानाच्या तळाला ‘अमिस्ताद’ जहाजावरच्या उठावाची सहा ओळींची चौकट होती. नव्या आवृत्तीत ती काढली आणि तिच्या जागी गुलामगिरीबंदीच्या कायद्यांचा साल-वार तक्ता आला.

मागच्या पावसाळ्यात हे पान शिकवत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, जहाजात गुलाम किती?” म्हटलं, तीनशे-चारशे. “आणि खलाशी?” तीस-पस्तीस. ती जरा थांबली. “मग कुणीच काही केलं नाही?” मी म्हणालो, “अगं, बेड्या होत्या ना.” ती म्हणाली, “बेड्या कशाला घातल्या मग? निमूट होते ना?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकोणीस वर्षं ते वाक्य मीही तसंच वाचून दाखवत आलो होतो. पुढचं वर्षभर सुट्टीच्या दिवशी मी या एकाच गोष्टीबद्दल मिळेल ते वाचलं, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता, एवढंच नव्हे, तर त्या काळातल्या प्रत्येक जहाजमालकाने आणि विमेवाल्याने स्वतःला तोच प्रश्न विचारला होता आणि त्याच्या उत्तरावर पैसे खर्च केले होते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली त्या चित्राबद्दल. चित्र खोटं नाही. जहाज ‘ब्रूक्स’, लिव्हरपूलचं. १७८८-८९ मध्ये इंग्लंडमधल्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या मंडळींनी ते काढून घेतलं आणि छापून वाटलं. प्रत्येक पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा, असं माप धरून आखलेलं. नव्या कायद्याने या जहाजाला ४५४ माणसं नेता येत होती. त्याआधीच्या एका फेरीत त्यातून ६०९ नेली होती. म्हणजे चित्रात दिसते त्यापेक्षा खरी गर्दी जास्तच. ब्रिटिश संसदेतल्या सभासदांना लाज वाटावी, इंग्रज गृहिणीला साखर घशाखाली उतरू नये, म्हणून ते चित्र होतं, आणि त्याने ते काम चोख केलं. पण ज्याला दया मिळवायची असते तो माणसाला पडलेलंच दाखवतो. त्या चित्रातला एकही जण मान वळवत नाही. कुणाची मूठ आवळलेली नाही. चित्र कुणी, कशासाठी काढलं हे एका ओळीत सांगितलं नाही, तर विद्यार्थी ते छायाचित्रासारखं बघतो आणि समजतो की माणसं खरोखरच अशी पडून होती.

याच ब्रूक्स जहाजावर १७८३-८४ च्या फेरीत टॉमस ट्रॉटर नावाचा डॉक्टर होता. पुढे १७९० मध्ये त्याने संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. त्यात एका माणसाची हकिगत आहे. नाव नाही, नावं कुणी लिहूनच घेतली नव्हती. स्थानिक प्रमुखाशी त्याचं भांडण झालं, प्रमुखाने सूड म्हणून त्याच्यावर चेटकाचा आळ घेतला आणि सगळ्या घरालाच विकलं : तो, त्याची आई, बायको आणि दोन मुली. जहाजावर आल्यापासून त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. एका रात्री त्याने स्वतःचा गळा चिरायचा प्रयत्न केला. ट्रॉटरने जखम शिवली. दुसऱ्या रात्री त्याने टाके उपटून काढले आणि गळ्याची दुसरी बाजू फाडली. हत्यार कुठून आलं म्हणून शोधाशोध झाली, काही सापडलं नाही. जखमेच्या कडा वेड्यावाकड्या होत्या आणि त्याच्या बोटांना रक्त होतं. त्याने ते नखांनी केलं होतं. गोऱ्या माणसांबरोबर मी कधीही जाणार नाही, असं तो सांगत होता. मग त्याचे हात बांधले. खायचं मात्र त्याने शेवटपर्यंत नाकारलं, आणि आठ-दहा दिवसांत तो गेला.

तुमच्या पानावरचं चित्र याच जहाजाचं आहे. त्या चित्राखाली तुम्ही ‘निमूटपणे’ छापलं आहे.

दुसरी तक्रार जहाजाबद्दल. तुम्ही जहाजाचं पोट दाखवता, वरचा डेक दाखवत नाही. गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाच्या डेकवर मधोमध एक जाड लाकडी भिंत असे, माणसाच्या डोक्यावरून जाणारी आणि दोन्ही बाजूंनी जहाजाच्या कडेबाहेर थोडी पुढे आलेली. तिला बारीक भोकं असत. त्यातून बंदुकांची तोंडं पुरुष बंदिवानांच्या बाजूला रोखलेली. उठाव झाला की खलाशी पळत त्या भिंतीमागे जात आणि तिथून गोळ्या झाडत. कडेने जाळी बांधत. ती बाहेरून कुणी आत येऊ नये म्हणून नव्हती. आतल्यांनी समुद्रात उडी मारू नये म्हणून होती. जबडा उघडायचं एक लोखंडी साधन असे, दोन पात्यांच्या मध्ये स्क्रू असलेलं. जो खायला नकार देई त्याच्या दातांमध्ये ते घालून पिळत आणि नळीने पेज ओतत. या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या टॉमस क्लार्कसनने ते लिव्हरपूलच्या दुकानातून उघडउघड विकत घेतलं होतं, बेड्या आणि अंगठे पिळायच्या पकडीसकट.

भिंत, बंदुका, जाळी, जबडा उघडायचं यंत्र. साध्या मालवाहू जहाजावर यातलं काही नसे, आणि खलाशीही जवळपास निम्मे पुरत. हा सगळा खर्च व्यापाऱ्याने हौसेने केलेला नव्हता. समोरची माणसं काय करू शकतात हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याच्या हिशेबाच्या वहीत ते लिहिलेलं आहे. अभ्यासकांनी जगभरच्या कागदपत्रांतून ३६ हजारांहून अधिक फेऱ्यांची नोंद गोळा केली आहे. त्यावरून त्यांचा अंदाज असा, की साधारण दहा फेऱ्यांमागे एका फेरीत उठाव झाला. सगळ्या काळात मिळून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढवली गेली आणि १ कोटी ७ लाखांच्या आसपास पलीकडे जिवंत उतरली. मधले अठरा लाख समुद्राने गिळले. याच अभ्यासकांचा आणखी एक हिशेब आहे, तो मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवतो : उठावांच्या भीतीने जो खर्च वाढला त्यामुळे फेऱ्या कमी निघाल्या, आणि त्यातून सुमारे दहा लाख माणसं गुलाम म्हणून नेली जायची वाचली. जे बंड करून मेले त्यांना हे कधी कळलं नाही. ज्यांना त्यांच्यामुळे जहाजावर चढावं लागलं नाही, त्यांनाही नाही.

तुम्ही म्हणाल, बहुतेक उठाव तर फसले. हो, फसले. हे लपवून त्यांना पोवाड्यातले वीर करा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. बरेचसे किनारा दिसत असतानाच किंवा निघाल्यावर थोड्या दिवसांत झाले, कारण एकदा जमीन दिसेनाशी झाली की शीड कसं सांभाळायचं, कुठे वळायचं हे डोंगरातून किंवा शेतातून धरून आणलेल्या माणसाला कसं कळणार? शेजारी साखळीला बांधलेला वेगळी भाषा बोलणारा. फसल्यावरच्या शिक्षा अशा, की त्या मी मुलांना वाचून दाखवत नाही. पण फसणं आणि निमूट राहणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अठराशे सत्तावनचा उठावही फसला; तुमच्या भारताच्या खंडात त्याला किती पानं आहेत ते तुम्हीच मोजा.

शिवाय सगळेच फसले नाहीत. १७३० च्या जूनमध्ये ‘लिटल जॉर्ज’ नावाचं जहाज ९६ बंदिवान घेऊन गिनीच्या किनाऱ्यावरून निघालं. कप्तान जॉर्ज स्कॉट. पाच-सहा दिवसांनी, पहाट व्हायच्या आत, काही पुरुषांनी बेड्या तोडल्या, डेकवरच्या तीन पहारेकऱ्यांना मारलं आणि कप्तानासकट उरलेल्या खलाशांना खालच्या केबिनमध्ये कोंडलं. खलाशांनी बाटलीत बंदुकीची दारू ठासून बॉम्ब करायचा प्रयत्न केला, तो त्यांच्याच अंगाशी आला. वर जहाज आफ्रिकनांच्या ताब्यात, खाली खलाशी अडकलेले, असे नऊएक दिवस गेले. त्यांनी जहाज परत फिरवून सिएरा लिओनच्या नदीत आणलं, ते गाळात रुतल्यावर बायका-मुलांसह किनाऱ्यावर उतरले आणि निघून गेले. पुढे त्यांचं काय झालं याची नोंद नाही, आणि मला तेच फार आवडतं.

तिसरी तक्रार. तुमच्या प्रकरणात बायका नाहीत. मुलंही नाहीत. ‘गुलाम’ म्हणजे पुरुष, असं वाचणाऱ्याला वाटतं. जहाजावर बायकांना त्या भिंतीच्या मागच्या बाजूला, कप्तानाच्या केबिनजवळ ठेवत, बहुधा बेड्यांशिवाय. त्या काय करणार, असं समजून. तिथे खलाशांचे अत्याचार त्यांच्या वाट्याला येत, हे त्या मोकळेपणाचं खरं कारण. पण हत्यारंही तिथेच असत आणि किल्ल्या कुणाकडे असतात हेही तिथूनच दिसे. ज्या जहाजांवर बायकांचं प्रमाण जास्त, तिथे उठावही जास्त, हे अभ्यासकांना आकड्यांत सापडलेलं आहे. मुलं तर डेकभर हिंडत. जॉन न्यूटन हा कप्तान, जो पुढे पाद्री झाला आणि या व्यापाराविरुद्ध बोलला, त्याच्या १७५२ च्या डिसेंबरातल्या रोजनिशीत नोंद आहे : बेड्या काढू पाहणारे दोघे सापडले, मग झडतीत सुऱ्या, दगड, शिशाच्या गोळ्या आणि एक छिन्नी मिळाली. पोरांकडून सगळी कबुली काढून घ्यावी म्हणून त्याने त्यांना बेड्या घातल्या आणि अंगठे पिळायची पकड लावली, ‘जराशी’ असंही त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. देवाच्या कृपेने कट वेळेवर उघडकीस आला, अशी त्या नोंदीची सुरुवात आहे.

इथेच ‘वास्प’ जहाजाचा खटला सांगतो, कारण तो कळल्यापासून मी तो विसरू शकलेलो नाही. या जहाजावर आधी बायकांनी कप्तानाला धरलं आणि त्याला खाली ढकलायला निघाल्या. खलाशांनी गोळ्या झाडून उठाव मोडला. पन्नासेक माणसं मेली. काही गोळ्यांनी, काही खारं पाणी पिऊन, काही अन्न सोडून. मालकाने विमा कंपनीकडे नुकसानभरपाई मागितली. उठावातलं नुकसान विम्यात धरलं जाई. १७८५ मध्ये लंडनला लॉर्ड मॅन्सफिल्डपुढे खटला चालला. प्रश्न एवढाच होता : कुठलं मरण उठावातलं? ज्यूरीने ठरवलं की जे गोळ्यांनी आणि जखमांनी गेले त्यांचे पैसे द्यावेत. जे उठाव फसल्याची खंत करून, खाणंपिणं टाकून मेले, त्यांचे देऊ नयेत.

खंत करून मेले, हे त्या कागदपत्रात आहे. माल म्हणून ज्यांची किंमत लावली जात होती ते खंतावून मरतात, हे लंडनच्या कोर्टाला मान्य करावं लागलं. फक्त त्याचे पैसे कुणी भरायचे यावर वाद होता. दोन वर्षं आधी त्याच न्यायाधीशापुढे ‘झाँग’ जहाजाचा खटला आला होता. पाणी कमी पडतं म्हणून सांगून १७८१ मध्ये त्या जहाजाच्या खलाशांनी सुमारे १३२ जिवंत माणसं समुद्रात फेकली होती आणि डोईमागे तीस पौंड विमा मागितला होता. हा खटला तुमच्या पुस्तकात एका ओळीत आहे, ते चांगलंच आहे. पण त्यातही दहा जणांनी खलाशांचा हात लागू न देता स्वतःच उडी घेतली, हे नाही.

चौथी तक्रार लहान आहे, पटकन सांगतो. ‘अमेरिकेत नेले’ असं तुम्ही लिहिता आणि शेजारच्या नकाशात बाण थेट संयुक्त संस्थानांकडे जातो. आजच्या संयुक्त संस्थानांच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट उतरवलेली माणसं चार लाखांच्या आत आहेत. एकट्या ब्राझीलमध्ये अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास उतरली. बाकीची बव्हंशी कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत. बाण बदलायला चित्रकाराला दहा मिनिटं लागतील. आणि ‘नीग्रो गुलाम’ हा शब्दप्रयोग आता सोडा. ‘गुलाम’ ही काही त्यांची जात नव्हती. ते शेतकरी, विणकर, लोहार, सैनिक, कुणाची तरी आत्या, कुणाचा तरी मामा होते. त्यांना गुलाम केलं गेलं.

पाचवी तक्रार तुमच्या उत्तराबद्दल. त्यात दोन वाक्यं होती : ‘सदर घटकावर परीक्षेत फार तर एक प्रश्न येतो. भारतीय विद्यार्थ्यांना या तपशिलाचा विशेष उपयोग नाही.’ पहिल्या वाक्याशी मी भांडत नाही, मुलांची गरज मलाही कळते. दुसऱ्याशी भांडतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं ज्या मालाच्या बदल्यात विकत घेतली जात, त्यात गुजरातेतल्या आणि कोरोमंडलच्या सुती कापडाचा मोठा वाटा होता; युरोपियन व्यापारी ते इथून गाठोडी बांधून नेत. मालदीवच्या कवड्या हिंदी महासागरातूनच तिकडे जाऊन चलन म्हणून चालत. इथल्या विणकराला आपलं कापड कुठे जातं हे कळलंही नसेल, पण पुस्तक लिहिणाऱ्याला कळायला हरकत नाही. आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्यांच्या गुलामगिरीविरुद्ध त्यांनी निःस्वार्थपणे केलेल्या कामाबद्दल. ही अर्पणपत्रिका तुमच्याच महाराष्ट्राच्या खंडात आहे, तिच्यावर वस्तुनिष्ठ प्रश्नही आहे. पुण्यात बसलेल्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी त्या तपशिलाचा उपयोग झाला होता. ती अर्पणपत्रिका मुक्त करू पाहणाऱ्यांना आहे. ज्यांनी मुक्तीसाठी स्वतः समुद्रात उड्या घेतल्या त्यांची माहिती पुण्यापर्यंत तेव्हा फारशी पोचली नसेल. आता पोचली आहे.

(फोनवर तुमच्यातल्या कुणीतरी मला मलिक अंबरचं उदाहरण दिलं, की आफ्रिकन गुलामांचा भाग आपण तिथे घेतोच. अंबर गुलाम म्हणून विकला गेला होता आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला, हे खरं. पण तो अरबी समुद्रातला व्यवहार होता, त्याची रीत निराळी. तो इसवी सन १६२६ मध्ये वारला. एकाच्या पानावर दुसऱ्याचं भागत नाही.)

आणखी एक गोष्ट परीक्षेच्या दृष्टीने अगदी निरुपयोगी आहे, तरी लिहितो. जहाजाच्या त्या अंधाऱ्या पोटात शेजारी-शेजारी बांधलेली माणसं वेगवेगळ्या मुलखांतली होती. पलीकडे उतरल्यावर त्यांना वेगवेगळ्या मळ्यांवर विकलं गेलं. पण एका जहाजातून आलेल्यांनी एकमेकांशी नातं धरलं, जन्मभर पाळलं आणि त्या नात्याला नावही दिलं. ब्राझीलमध्ये ‘मलुंगो’, सुरिनाममध्ये ‘सिप्पी’, जमैकात ‘शिपमेट’. जमैकात तर शिपमेटची मुलं आपल्या मुलांसारखी मानत. ज्यांच्यापासून आई, भाऊ, गाव, भाषा सगळं काढून घेतलं त्यांनी काढून घेणाऱ्याच्याच जहाजावर नवे भाऊ-बहिणी केले. मला हे बेडी तोडण्याइतकंच मोठं वाटतं. गुलामगिरी उठल्यावर मळेवाल्यांनी करारावर मजूर न्यायला सुरुवात केली तेव्हा आपल्याकडची माणसं कॅरिबियनला आणि मॉरिशसला गेली. मॉरिशसच्या जहाजांत कोकणातले मराठी लोकही होते. करारी मजुरी म्हणजे गुलामगिरी नव्हे, पण जहाजातल्या नात्याला त्यांनीही शब्द केला : ‘जहाजी भाई’. माझ्या वर्गातल्या मुलांना ‘मलुंगो’ समजावून सांगायला मला अर्धं मिनिट लागलं.

आता मागण्या. मोठ्या नाहीत.

‘निमूटपणे’ हा शब्द काढा. पुढच्या आवृत्तीची वाट न बघता. तुमच्या ॲपवर पुस्तकाची डिजिटल प्रत आहे, तिथे तो आज दुपारीही निघू शकतो. छापील प्रतींसाठी शुद्धिपत्राची एक चिठ्ठी पुरे; मागे दोन सनावळ्या चुकल्या होत्या तेव्हा तुम्ही ती वाटली होती.

ब्रूक्सचं चित्र ठेवा, पण त्याखाली ते कुणी आणि कशासाठी काढलं ते लिहा. शेजारी डेकवरच्या भिंतीची आणि जाळीची माहिती द्या.

‘अमिस्ताद’ची चौकट परत घ्या, आणि या वेळी बरोबर लिहा. जुन्या चौकटीत तो उठाव अटलांटिक ओलांडताना झाला, असं होतं. ती ५३ माणसं अटलांटिक आधीच ओलांडून, ‘तेकोरा’ जहाजातून हवानाला आली होती. १८३९ च्या जुलैत क्यूबाच्या किनाऱ्याने दुसरीकडे नेत असताना सेंगबे पिए आणि त्याच्या सोबत्यांनी ऊस तोडायच्या कोयत्यांनी जहाज घेतलं. सूर्याकडे चला, असं त्यांनी जिवंत ठेवलेल्या मालकांना सांगितलं, कारण येताना सूर्य मागे उगवत होता. मालक दिवसा पूर्वेला आणि रात्री गुपचूप वायव्येला नेत राहिले आणि जहाज संयुक्त संस्थानांच्या किनाऱ्याला लागलं. तिथे खटला चालला. १८४१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्वतंत्र ठरवलं आणि जिवंत राहिलेली ३५ माणसं पुढच्या जानेवारीत सिएरा लिओनला परत पोचली. हे सगळं सहा ओळींत बसतं, मी बसवून बघितलं आहे.

उठावांवर अर्धं पान द्या. बायका आणि मुलं त्यात असू द्यात. जागा लागत असेल तर कायद्यांच्या तक्त्यातले दोन रकाने कमी करा. तो तक्ता प्रकरणाच्या शेवटी पुन्हा छापलेला आहेच, बहुधा नजरचुकीने.

सरावाच्या प्रश्नांत ब्रिटिश संसदेत या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्सचं नाव आणि तिथे तो व्यापार बंद करणाऱ्या कायद्याचं १८०७ हे साल यांच्या जोडीला एक तरी प्रश्न जहाजातल्या माणसांवर ठेवा. जे विचारलं जातं तेच मुलं वाचतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. युनेस्कोने गुलामांच्या व्यापाराच्या स्मरणाचा दिवस २३ ऑगस्ट धरला आहे, तो कुठल्या कायद्याची तारीख म्हणून नव्हे, तर १७९१ मध्ये आजच्या हैतीत त्या रात्री गुलामांनी उठाव सुरू केला म्हणून. प्रश्न हाच घाला, एका गुणाचा.

ते अर्धं पान लिहून द्यायची माझी तयारी आहे. मानधन नको, नावही नको. तुम्हाला वाटेल त्या जाणकाराकडून तपासून घ्या, चुकलं असेल तर खोडा. पण काय केलं आणि काय करणार नाही, हे मला लेखी कळवा. नवी तुकडी १५ जूनला सुरू होते आणि हे प्रकरण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतं. तोवर काही झालं नाही, तर मी ते पान वर्गात वगळणार नाही. वाचून दाखवीन, आणि मग हे पत्र वाचून दाखवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जागतिक इतिहासाचा एक शिक्षक

ता. क. — पान क्रमांक इथे लिहिलेला नाही. अभ्यासिकेतली एक प्रत सोबत टपालाने पाठवली आहे, तिच्यात खूण आहे. तो शब्द पेन्सिलीने खोडलेला दिसेल, ते मी केलेलं नाही. आमच्याकडे पुस्तकात लिहायला मनाई आहे. प्रत काम झाल्यावर परत पाठवावी, आमच्याकडे आता दहाच उरल्या आहेत.